धाकटीचं पुस्तक, माझी चित्रं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी धाकटी आली, न कळवता. दार उघडलं तर समोर उभी. गळ्याभोवती जाड स्कार्फ, खांद्याला कापडी पिशवी, आणि लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर असायचा तसा चेहरा. दोन वर्षांपूर्वी आतेबहिणीच्या मुलीच्या लग्नात भेटलो होतो. त्यानंतर फोन, तोही वाढदिवसापुरता.

मी चहा टाकला तेवढ्यात ती ड्रॉइंग बोर्डापाशी गेली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी बोर्ड खिडकीजवळच आहे, त्यावर मी कपड्यांच्या घड्या ठेवते. तिने घड्या उचलून पलंगावर ठेवल्या आणि म्हणाली, "ताई, मला चित्रं काढून दे."

रॉक आणि पॉप संगीताचा इतिहास, मुलांसाठी, पानोपानी चित्रं. प्रकाशक ठरलाय, मजकूर तिचा.

"मी चौतीस वर्षं नळयोजनांचे नकाशे काढले," मी म्हटलं. "टाक्या, व्हॉल्व्ह, पाइप. माणूस काढला तो टाकीची उंची कळावी म्हणून शेजारी उभा केलेला."

"मला तसंच हवंय. चित्रकार लोक गिटारच्या तारा मोजत नाहीत. तू मोजशील."

नस कुठे दाबायची हे तिला नेहमीच कळतं.

आई गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती आणि मी सतरा. वडील फिरतीवर. हिच्या वेण्या, हिचा अभ्यास, हिची गोवराची पथ्यं सगळं मी केलं. एकोणिसाव्या वर्षी बाईसाहेब म्हणाल्या, मी बँडमध्ये गाणार. मी म्हटलं, तो गोंगाट किंवा हे घर. तिने गोंगाट घेतला. आता त्याच गोंगाटाची चित्रं मी काढायची.

विचार करून सांगते म्हटलं. ती गेल्यावर घड्या मात्र बोर्डावर परत ठेवल्या नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

हो म्हणून बसले. पण कामाची पद्धत काही मला पटलेली नाही. मी म्हटलं, प्रकरण लिहून पाठव, वाचते, चित्र काढते, तू येऊन बघ. सरळ हिशोब. तर म्हणे नाही, मी समोर बसून सांगणार, तू ऐकत ऐकत काढायचं.

"अगं पण लिहिलेलं आहे ना तुझं?"

"आहे. तरी सांगणार."

हट्टीपणा साठीला आला तरी गेला नाही. आवाज घोगरा झालाय तिचा. मधेमधे फाटतो. आयुष्यभर माइकपुढे ओरडल्यावर दुसरं काय होणार, असं मी बोलूनही दाखवलं. "हो ना," म्हणाली आणि कोमट पाणी मागितलं.

मंगळवारी येणार नाही म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गिटार झाली. तिने स्वतःची जुनी आणून दिली होती. मी ती टेबलावर आडवी ठेवून स्टीलच्या पट्टीने मापं घेतली. दांडीवरच्या पितळी पट्ट्या सारख्या अंतरावर नसतात हे मला माहीत नव्हतं. एका ठरलेल्या प्रमाणात जवळजवळ येत जातात. अठराने भागत गेलं की जवळपास जमतं. संध्याकाळपर्यंत आकडेमोड करत होते, मजा आली. ज्याने कोणी हे बसवलं तो डोक्याने पक्का होता.

धाकटी सांगत होती ते कापसाच्या शेतात राबणाऱ्या लोकांबद्दल. गुलामांची नातवंडं. दिवसभर वाकून काम, आणि वाकल्या वाकल्या गाणी. तिथून हे सगळं निघालं म्हणते. मग गावाकडचे लोक कारखान्यांच्या शहरात गेले, तिथल्या गर्दीत गिटार ऐकू येईना, म्हणून तिला वीज जोडली.

"म्हणजे गोंगाट आधी शहराचा होता," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "हे वाक्य घेते पुस्तकात." आणि खरंच लिहून घेतलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्रकाशकाकडच्या संपादकबाई आल्या होत्या. तिशीच्या असतील, पण नजर कडक. गिटार, ड्रम, गाणी वाजवणारं नाण्याचं यंत्र, छोट्या तबकड्या सगळं बघून खूश झाल्या. मग माणसांच्या पानांवर आल्या.

"काकू, यंत्रं जिवंत आहेत," त्या म्हणाल्या, "माणसं मात्र खांबासारखी उभी आहेत."

वाईट वाटलं. पण खोटं नव्हतं. माझी गाणारी मंडळी टाकीशेजारी उंचीसाठी उभी केल्यासारखीच दिसतात. तोंड उघडं काढलं तर दाताच्या दवाखान्यात आल्यासारखी.

त्या गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तू कधी कोणाला गाताना बघितलंयस का? जवळून?"

मी म्हटलं, टीव्हीवर.

ती पाव दुधात बुडवून खात होती, तोही अर्धा टाकला. खाण्याचे हिचे चोचले लहानपणापासूनचे.

७ मार्च, शुक्रवार

आजचं प्रकरण फाटलेल्या स्पीकरचं. कोणाच्या तरी स्पीकरचा पडदा फाटला आणि गिटारचा आवाज खरखरीत येऊ लागला. दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी तो तसाच ठेवला. पुढे लोक मुद्दाम ब्लेडने पडदे कापू लागले.

"आमच्या खात्यात फुटलेला पाइप कोणी योजना म्हणून खपवला असता तर नोकरी गेली असती," मी म्हटलं.

ती हसली, हसता हसता खोकली, बराच वेळ खोकली. पाणी दिलं. "खरखर म्हणजे दोष नाही गं," म्हणाली. "आमच्यात तिला चव म्हणतात."

"मग तुझ्या आवाजाला आता भलतीच चव आली आहे."

"आहेच," ती म्हणाली. स्कार्फ नीट केला. घरात एवढं उकडतंय तरी स्कार्फ सोडत नाही. फॅशन.

एक कबूल करायला हवं. ती येते त्या दिवशी मी नऊपासूनच जिन्याकडे कान लावून असते.

१९ मार्च, बुधवार

भांडण झालं. दोन पानांवर मिळून मोठं सभागृह काढायचं होतं, मंच, दिवे, प्रेक्षक. मी रीतसर यथादर्शन लावून, जवळच्या मोठ्या आणि लांबच्या लहान, अशा खुर्च्या आखल्या, दोनशे चाळीस. प्रत्येकीवर माणूस. पाच दिवस लागले. धाकटीने पाहिलं आणि म्हणाली, "सुंदर. फक्त पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी कर."

"का?"

"कर ना."

"अगं, खच्चून भरलेलं सभागृह असं तुझ्याच मजकुरात आहे. एक खुर्ची रिकामी ठेवली तर वाचणाऱ्याला वाटेल बाई विसरली."

"वाटू दे."

"कारण दे, करते."

कारण दिलं नाही. उलट म्हणाली, तुला सगळ्याला कारण लागतं, म्हणूनच तुझी माणसं खांब होतात. मग मीही बोलले. एकोणचाळीस वर्षांचं साचलेलं थोडं थोडं बाहेर आलं. वडिलांच्या आजारपणात तू कुठल्या गावाला गात होतीस वगैरे. ती ऐकून घेत होती. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही, नुसती हवा. मला वाटलं नाटक करते आहे. ती पिशवी उचलून गेली.

२० मार्च, गुरुवार

आली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आली नाही. फोन केला, उचलला नाही. "बरी आहे. सोमवारी येते" असा निरोप टाइप करून पाठवला. बोलायला काय झालं होतं?

ब्लेडने खुर्चीवरचा माणूस खरवडून काढला. कागदावर डाग राहिला नाही. आमच्या खात्यात खाडाखोड माझ्याइतकी साफ कोणाची नव्हती.

२८ मार्च, शुक्रवार

आज ठोक्या आला. हा धाकटीच्या बँडमधला ड्रम वाजवणारा. खरं नाव मी कधी ऐकलं नाही, तीही त्याला ठोक्याच म्हणते. आता टक्कल पडलंय, गुडघे दुखतात, पण बसल्या जागी बोटं टेबलावर चालू असतात. झांजेचं माप हवं होतं म्हणून तो झांज घेऊन आला होता. धाकटी आज यायची नव्हती.

मी झांज मोजत होते, तो चित्रं चाळत होता. सभागृहाच्या पानावर थांबला. त्याच्या टेबलावरच्या बोटांची टकटक बंद झाली.

"म्हणजे तुम्हाला सांगितलं तिने," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"खुर्चीचं. दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची. आयोजक वैतागायचे. ही म्हणायची, ताईची आहे, ती येईल. सत्तावीस वर्षं. एकदा एका मंत्र्याच्या मेव्हण्याला उठवलं होतं तिच्यावरून."

मी झांज खाली ठेवली. मला तिकिटं यायची, हे खरं आहे. पाकीट न उघडता मी ती कपाटात टाकत असे.

तो पुढे सहज म्हणाला, "बरं झालं तुमच्यात मिटलं ते. ऑपरेशनच्या वेळी जवळचं माणूस हवं. दहा तारीखच नक्की झाली ना? स्वरयंत्र पूर्ण काढणार, की थोडं ठेवायचं बघतायत?"

मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

३० मार्च, रविवार

लिहायला बसले आहे पण काय लिहायचं. मागची पानं वाचली. कोमट पाणी, दुधातला पाव, मंगळवार, स्कार्फ. चौतीस वर्षं मी नकाशात मिलिमीटरची चूक पकडत होते.

३१ मार्च, सोमवार

ती आली तेव्हा मी बोर्डापाशीच बसून होते. म्हटलं, "स्कार्फ काढ."

ती उभी राहिली. मग काढला. गळ्याची कातडी उन्हात करपल्यासारखी काळपट झाली होती. किरणांचे उपचार दिवाळीतच संपले, उपयोग झाला नाही, मंगळवारी तपासण्या असतात, हे तिने बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं. आता स्वरयंत्र काढणार. गळ्याला भोक, श्वास त्यातून. पुढे काही यंत्र लावून बोलायला शिकता येईल. गाणं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू चित्रं सोडून माझे डबे भरत बसली असतीस. वेण्या घातल्यासारखं केलं असतंस सगळं. मला डबे नको होते, ताई."

"मग काय हवं होतं?"

"बोलायचं होतं. उरलाय तेवढा आवाज. नुसतं येऊन बस, मी बोलते, असं म्हटलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस? पाच मिनिटांत म्हणाली असतीस, झालं का, कुकर लावायचाय. हातात काम असलं की तू ऐकतेस. लहानपणापासून तसंच आहे तुझं."

हे खरं आहे. अगदी खरं आहे.

मी म्हटलं, "मला तुझं गाणं ऐकायचंय. आत्ता. दहा तारखेच्या आधी."

तिने मान हलवली. रागाने नाही. "आता नको. चांगला होता तेव्हा ऐकायचा होतास. हे फुटकं भांडं तुझ्या डोक्यात शेवटचं म्हणून राहायला नकोय मला."

मी आग्रह केला नाही. आग्रह करण्याचा हक्क मी कपाटात टाकलेल्या पाकिटांबरोबर बंद केलेला होता. पाकिटं रात्रीपासून टेबलावर काढून ठेवली होती, तीही तिने बघितली. एकावर एक नीट रचली फक्त.

मग पिशवीतून कागद काढले आणि म्हणाली, "चल, कॅसेटचं प्रकरण. तुझं पेन कुठंय?"

आज दोन प्रकरणं झाली.

५ एप्रिल, शनिवार

ती आता इथेच राहायला आली आहे. पलंग तिला, मी दिवाणावर. कुरबुरी चालू आहेत. माझा उश्यांचा हिशोब तिला पटत नाही, तिचे ओले टॉवेल मला. रोज सांगते, मी काढते. आवाज सकाळी बरा असतो, दुपारनंतर कुजबूज. मग मी खुर्ची जवळ ओढते.

तिला ऐकताना काढलेली माणसं आता वाकतात. का ते माहीत नाही. गाणारी बाई मान मागे टाकते तेव्हा गळ्याच्या दोन शिरा कशा ताणल्या जातात ते मी दोनदा काढलं, दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा जमलं.

८ एप्रिल, मंगळवार

उद्या दवाखान्यात भरती. संपादकबाईंना फोन करून मुदत वाढवून घेतली. कारण सांगितल्यावर त्या म्हणाल्या, पुस्तक थांबेल काकू, तुम्ही दोघी या सावकाश.

दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले. खाली उतरले तर स्वयंपाकघरातून आवाज. दारापाशीच थांबले, हातात बादली. धाकटी मटार सोलत बसली होती, दाराकडे पाठ करून. आणि गात होती.

मला सुरातलं काही कळत नाही. एवढंच लिहू शकते की आवाज फाटका होता, वरच्या जागी तुटत होता, तुटला की ती थांबायची, मटाराची एक शेंग फोडायची, आणि तिथूनच पुढे. गाणं तिचंच असावं. कॅसेटमध्ये तरी नाही. ठोक्याने दिलेली कॅसेट मी या आठवड्यात चार वेळा ऐकली आहे.

"चपला हातात, हळूच चढते जिना,
दिवा विझव, झोपेचं सोंग घे ना,
रागाव सकाळी, आत्ता नको ना."

एवढंच एक कडवं. तेच तिने दोनदा म्हटलं, सावकाश, शब्द सुटे सुटे करून, मुलांना शुद्धलेखन घालावं तसं. मी जागची हलले नाही. बादलीची कडी वाजू नये म्हणून बोट मधे घातलं होतं, ते अजून दुखतंय.

गाणं संपलं. मी दहा पायऱ्या परत वर गेले आणि पाय आपटत खाली आले. ती म्हणाली, "वाळले का कपडे?" मी म्हटलं, "वाळले."

मी ऐकलं हे तिला कळू दिलं नाही. तिला नको होतं ना. एक नवल वाटतं. ती नेहमी खिडकीकडे पाठ करून, उजेडात दाराकडे तोंड करून बसते. आज उलटी का बसली असेल? आणि मटार रात्रीच्या जेवणात नव्हतेच.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी सात वाजता आत नेलं. नेताना माझा हात दाबला आणि म्हणाली, "बारीक रेघ, ताई. शेवटच्या प्रकरणात बारीक रेघ वापर." तिचं बोलणं ऐकलं ते हे शेवटचं. काहीतरी मोठं बोलेल असं मला उगीच वाटलं होतं.

साडेतीनला सर्जन बाहेर आले. सगळं काढलं, कडा स्वच्छ वाटतात, रोग मागे राहिलेला दिसत नाही म्हणाले. ठोक्या माझ्या शेजारी बसला होता. त्याची बोटं पूर्ण वेळ मांडीवर स्थिर होती.

२४ एप्रिल, गुरुवार

घरी आणलं. नळी साफ करायला नर्सने शिकवलं. मला जमतं. नळ्या, झडपा, गळती, हे माझंच खातं आहे. असं म्हटल्यावर ती हसली. तिचं हसणं आता नुसतं खांद्यांतून येतं, आवाज नाही. मी ते बघून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मुलांच्या पाटीवर लिहून बोलते. पहिलं वाक्य: "उशी चुकीची."

१६ मे, शुक्रवार

शेवटचं प्रकरण. ते तिने लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि सांगायचं राहून गेलं. पाटीवर लिहायची, मी वाचायची, पुसायची, पुढचं. दुपारपर्यंत दोघी खडूने पांढऱ्या झालो. आता कोणीही मुलगी आपल्या खोलीत बसून गाणं करते, संगणकावर, आणि जगाला पाठवते, असं ते प्रकरण. चित्रात एक खोली, एक मुलगी, कानांवर हेडफोन.

मी विचारलं, "दार उघडं काढू की बंद?"

तिने लिहिलं, "तू ठरव."

उघडं काढलं. बारीक रेघेने.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तक आलं. आज ग्रंथालयाच्या मुलांच्या विभागात वाचन होतं. संपादकबाईंना वाटत होतं कोणीतरी नट आणावा. धाकटीने पाटीवर लिहिलं, "ताई वाचेल." सभेत तोंड उघडलं ते फक्त निरोप समारंभात, तेही तीन वाक्यं.

तीसेक मुलं जमिनीवर बसली होती. मी वाचत होते, धाकटी शेजारी बसून पानं उलटत होती. गळ्याला पातळ, निळा स्कार्फ. फाटलेल्या स्पीकरला मुलं हसली. सभागृहाच्या पानावर एकाने विचारलंच, ही खुर्ची रिकामी का? मी म्हटलं, त्या बाईला यायला उशीर झाला. उत्तर त्याला पटलं.

मग मान मागे टाकून गाणाऱ्या बाईचं पान आलं. पुढे बसलेली, पुढचे दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "ही कोणतं गाणं म्हणतेय?"

पुस्तकात ते लिहिलेलं नाही. मी धाकटीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, भुवया किंचित वर.

मला काय झालं कोणास ठाऊक. पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हटलं. चपला हातात, हळूच चढते जिना. सदुसष्टाव्या वर्षी, तीस मुलांपुढे. सूर नव्हताच. मुलं आधी गोंधळली, मग काही हसली. धाकटीने हात उचलला. तळवा वर, मी आवाज वर नेला. तळवा खाली, खाली आणला. दुसऱ्या ओळीला जरा बरं झालं. तिसरीला मुलांनी टाळ्या धरल्या.

गाणं मला कुठून माहीत, हे तिने विचारलं नाही. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर नवल नव्हतं. विसरली असेल विचारायला.

"आणखी," ती मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, पुढचं कडवं मला येत नाही.

धाकटीने पाटी ओढली, भरभर लिहिलं, आणि माझ्याकडे सरकवली.

"दार लोटलंस, कडी नाही घातली,
तेवढ्याच फटीतून गाणी मी आणली."

ती घर सोडून गेल्यावर पुढची कितीतरी वर्षं मी कडी घालत नसे. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे ती येऊन बघून जायची की काय?

पाटीवरचं एकदा मनात वाचलं. घसा खाकरला. तिचा हात वर गेला.